जुन्या साड्या पाठवू नका

विचारा, सांगते : वाचकांची पत्रं

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या. मुलाकडे अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या मूर गावी असताना टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या फिरत्या वाऱ्याचा, भोंगा वाजला आणि कणकेच्या हातांनी मी कपड्यांच्या कपाटात जाऊन बसले, एवढंच. त्या चार ओळींवर पत्रांचा गठ्ठा आला. ठेवींच्या व्याजावर पानभर लिहिलं होतं तेव्हा तीन पत्रं आली होती, त्यातलं एक छपाईच्या चुकांबद्दल.

आधीच सांगते, मी हवामानवाली नव्हे. बडोद्यात रावपुऱ्यातल्या बँकेत चौतीस वर्षं कॅशवर बसलेली बाई. ढगातलं मला मोजकंच कळतं. पण पाणी आणि वारा येऊन गेल्यावर कोणाला काय पोचलं याच्या दोन वह्या माझ्या हातच्या आहेत, एक २०१९ची, एक २०२४ची. त्या वह्या आणि मूरची ती दुपार, एवढ्याच भांडवलावर उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ओक्लाहोमात नॉर्मनला एम.एस. करायला गेली आहे. परवा तिने फोनवर भोंगा ऐकवला आणि हसत म्हणाली, "आई, हा दर शनिवारी वाजतो." तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. तिचे बाबा म्हणतात परत बोलावू. तुम्ही तिथे राहिला आहात, काय करू?
– एक आई, इंदूर

उत्तर : बोलावू नका. शनिवारी दुपारी बाराला वाजतो तो तपासणीचा भोंगा. त्यावर तिथले लोक घड्याळ लावतात. ती वेळ सोडून वाजला तर उठायचं.

माझं सांगते. २० मे २०१३, सोमवार. मुलगा-सून कामावर, घरात मी आणि सात महिन्यांची नात. दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी टीव्ही, फोन आणि भोंगा या तिघांनी एकदम तोंड उघडलं. सुनेने आदल्या रात्रीच मला सगळं दाखवून ठेवलं होतं: मधल्या बोळातलं कोटांचं कपाट, ज्याला बाहेरची भिंत नाही, खिडकी नाही. त्या भागात तळघरं फारशी नाहीत, म्हणून घराच्या पोटातली अशी जागा शोधून ठेवतात. मी नातीला तिच्या गाडीतल्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधली, आत सरकवली, वरून गादी ओढली आणि दार लावून घेतलं. पोळ्या व्हायच्या होत्या. कणीक माझ्या बोटांवर वाळत गेली.

२ वाजून ५६ मिनिटांनी तो जमिनीला टेकला. म्हणजे इशारा आणि तो यांच्यात सोळा मिनिटं. आमच्याकडे पासबुक भरायलाही तेवढी लागायची. जवळजवळ चाळीस मिनिटं तो जमिनीवर होता, साधारण २२ किलोमीटर गेला, सर्वांत रुंद होता तिथे पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. चोवीस माणसं गेली, त्यांत एका शाळेतली सात मुलं. आमच्या घरापासून दोन-अडीच किलोमीटरवरून गेला. सगळे सांगतात, आवाज मालगाडीसारखा असतो. मला तो पिठाच्या गिरणीसारखा वाटला, जात्यात दाणाच उरलेला नाही आणि गिरणीवाला बंद न करता पळून गेलाय तसा.

बाहेर आले तर अंगणात गुलाबी कापूस पडत होता. तिकडे घरांच्या भिंतींत ऊब राहावी म्हणून भरतात तो. त्याच्याबरोबर कागद. एक शाळेच्या वहीचं पान, एक कोणाचं तरी विजेचं बिल. मी सवयीने बिलाची मुदत बघितली.

बडोद्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. फोन लागेना. मुलाने बाबांना एका ओळीचा संदेश टाकला, "तिघे नाही, चौघे ठीक." आमचे हे सकाळी उठले तेव्हा हातात आधी तो संदेश आला आणि मग टीव्हीवर बातमी. उलट झालं असतं तर काय, हा विचार मी करत नाही. तेव्हा लेकीशी आजच ठरवून घ्या: वादळात तुम्ही फोन करायचा नाही, तिने एक ओळ टाकायची. तुमचे दहा फोन त्या वेळी लाइन अडवतात आणि तिचं लक्षही.

तिला दोन शब्दांतला फरक माहीत आहे का विचारा. 'वॉच' म्हणजे सामान जमलंय: मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट गरम हवा, पश्चिमेकडून कोरडी हवा, आणि वर जाल तसा वेगळ्या दिशेने, वेगळ्या जोराने वाहणारा वारा. 'वॉर्निंग' म्हणजे रडारवर फिरकी दिसली किंवा कोणी डोळ्यांनी पाहिलं. आता चर्चा नाही, आत जा. वॉच लागला की बूट पायात घालून ठेवायचे. त्या दिवसानंतर मी जखमी पाहिले त्यांतल्या कितीतरी जणांचे पायच फाटले होते, खिळे आणि काचांवरून अनवाणी चालून. सायकलचं हेल्मेट असेल तर डोक्यावर. खिडक्या उघडून ठेवल्या की दाब सारखा होतो आणि घर वाचतं, असं अजूनही कोणी सांगेल, ते खोटं आहे. पुलाखाली आसरा घेणं त्याहून वाईट. ३ मे १९९९च्या टोर्नेडोत पुलाखाली थांबलेली माणसं मेली. त्याच टोर्नेडोत रडारने ताशी ४८०च्या पुढे किलोमीटर वारा मोजला होता. पुलाखाली तो चिंचोळ्या बोळातल्यासारखा आणखी जोर धरतो.

आणि गाडी काढून पळायचं नाही. हे मी अनुभवाने सांगते, कारण आम्ही पळालो होतो. २० मेनंतर अकराच दिवसांनी, ३१ मेला, पश्चिमेला एल रीनोजवळ चार किलोमीटरहून जास्त रुंदीचा टोर्नेडो उतरला. मूरची धास्ती ताजी. अख्खं शहर गाड्या घेऊन दक्षिणेला निघालं आणि महामार्गावर अडकलं. आम्ही त्या रांगेत दीड तास होतो, मागच्या सीटवर बाळ, आकाश हिरवट, चहूकडे पत्र्याच्या गाड्या. कपाटात मला भीती वाटली नव्हती तेवढी तिथे वाटली.

एक दिलासा देते. तुमची मुलगी ज्या गावात आहे तिथेच साऱ्या देशाचे टोर्नेडोचे 'वॉच' काढणारं केंद्र आहे. टोर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाजही त्याच परिसरातला. मार्च १९४८मध्ये टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आदळला, म्हणून तिथल्या फॉबुश आणि मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांनी त्या दिवसाच्या हवेचे आकडे तपासले. पाचच दिवसांनी तसेच आकडे पुन्हा दिसले, त्यांनी धाडसाने इशारा दिला आणि त्याच संध्याकाळी त्याच तळावर दुसरा आला. विमानं आधीच बांधून ठेवली होती. २०१४मध्ये मूरने घरबांधणीचे नियमही बदलले: नवं घर ताशी २१७ किलोमीटर वारा सोसेल असं हवं, छपराला धातूच्या पट्ट्या हव्यात, गॅरेजचं दार भक्कम हवं. गॅरेजचं दार आधी जातं आणि मग वारा आतून छप्पर उचलतो, हे तिथे घरोघर माहीत आहे.

तिला एवढं विचारा: शेजारच्या दोन घरांतल्या माणसांची नावं तुला माहीत आहेत का? नसतील तर या रविवारी चकल्या घेऊन जा म्हणावं. बचावपथक पहिला प्रश्न हाच विचारतं, आत किती जण होते?

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे अशी आंधी आली की समोरच्या गोदामाचे पत्रे दोन गल्ल्या पलीकडे जाऊन पडले. नातू म्हणतो टोर्नेडो. आमच्या सौभाग्यवती म्हणतात वावटळ, आणि वावटळीत भूत असतं. मी निवृत्त शिक्षक असल्याने दोघांना गप्प करू शकलो नाही. निवाडा द्यावा.
– एक आजोबा, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : सर, भुताचं खातं माझ्याकडे नाही. बाकीचं सांगते. वावटळ उन्हाने तापलेल्या जमिनीतून उठते, आकाश निरभ्र असलं तरी. टोर्नेडो वरून येतो, वादळी ढगातून खाली लोंबतो. पत्रे नेणारी तुमची आंधी बहुधा तिसराच प्रकार असावी. गडगडाटी ढगातून थंड हवा धाडकन खाली पडते आणि जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते. ओळखायचं कसं? पडलेली झाडं बघा. सगळी एकाच बाजूला किंवा एका जागेपासून पंख्यासारखी पसरलेली असतील तर ती खाली कोसळलेली हवा. एकमेकांवर वेडीवाकडी, एका अरुंद पट्ट्यात पिळल्यासारखी असतील तर नातू बरोबर.

ही युक्ती फुजिता नावाच्या जपानी शास्त्रज्ञाची. अणुबाँबनंतर नागासाकी-हिरोशिमात पाहणीला गेला असताना त्याने चहूबाजूंना तारेसारखी पसरलेली पडझड पाहिली होती. पुढे अमेरिकेत विमानातून वादळाचं नुकसान बघताना त्याला जंगलात तसाच आकार दिसला आणि कोसळणाऱ्या हवेचा विचार सुचला. टोर्नेडोचे एफ-शून्य ते एफ-पाच हे दर्जेही त्याचेच, १९७१चे. ते मोडतोड पाहून ठरतात, म्हणजे वारा गेल्यावर त्याची मार्कशीट निघते.

आपल्याकडे टोर्नेडो होतच नाही, हा समज मात्र सोडा. १७ मार्च १९७८ला दिल्लीत विद्यापीठाच्या भागात झाला, अठ्ठावीस माणसं गेली. मार्च २०२३मध्ये पंजाबात फाझिल्का जिल्ह्यातल्या बकैनवालात घरं पाडून गेला. आणि जगातला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो अमेरिकेतला नाही. तो २६ एप्रिल १९८९चा, बांगलादेशातल्या दौलतपूर-साटुरियाचा. सुमारे तेराशे माणसं. अमेरिकेत वर्षाला हजार-बाराशे होतात, तरी एका टोर्नेडोत इतकी माणसं तिथे कधी गेली नाहीत. पत्रा आणि कुडाची घरं, दाट वस्ती आणि भोंगा नाही, एवढ्यात हिशेब आला.

प्रश्न : मावशी, आम्ही गणेश मंडळाची मुलं. तालुक्यातल्या एका वस्तीचे पत्रे वादळात उडाले म्हणून आम्ही आठ दिवस दारोदार फिरून कपडे गोळा केले, एक अख्खा टेम्पो. घेऊन गेलो तर तिथल्या बायका म्हणाल्या, नको. कार्यकर्ते नाराज आहेत. लोकांना मदतीची किंमत नाही का?
– मंडळाचे कार्यकर्ते, बडोदे

उत्तर : बाळांनो, तुमची तळमळ कळली. आता माझं ऐका, आणि जरा टोचलं तर टोचू दे.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री आली तेव्हा तुम्हीही इथेच असाल. धोक्याची खूण २६ फूट, नदी ३५च्या वर गेली. कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी, दोन रात्री वीज नाही, आणि गेटजवळ मगर दिसल्याची बोंब. मी दुसऱ्या मजल्यावर. पाणी उतरलं त्या संध्याकाळी सात वेगवेगळ्या गटांनी खिचडी आणली. सात! खिचडी नासली, कुत्र्यांनी खाल्ली. खराटा एकानेही आणला नाही. घरात वीतभर चिखल, तो ओला आहे तोवर निघतो, वाळला की दगड होतो, आणि अख्ख्या सोसायटीत घमेली दोन.

तिसऱ्या दिवशी साड्या आल्या. गाठोडंच्या गाठोडं. त्यात हुकं तुटलेले ब्लाउज, एक शेरवानी, एका पायाचा बूट. तळमजल्यावरच्या बेन आठवड्यापूर्वीपर्यंत सणाला सगळ्या जिन्याला रांगोळी काढणाऱ्या. त्यांच्या पुढ्यात कोणीतरी ते गाठोडं उघडलं आणि म्हणालं, "जुओ, शुं जोईए छे, लई लो." म्हणजे बघा, काय हवं ते घ्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. त्या दाराकडे बघवत नव्हतं. ते गाठोडं हलवायला शेवटी मी पदरचे सहाशे रुपये टेम्पोला दिले.

हे आपल्या गल्लीपुरतं नाही. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात कुजत पडले होते.

माझ्या वहीचं सांगते. २०१९ला, ३१ जुलैच्या त्या एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता तेव्हा, मी पहिली वही केली. रकाने आखले: घर, माणसं, काय गेलं, काय हवं, काय पोचलं, तारीख. 'काय हवं' हा रकाना मी आणि जिन्यावरच्या दोघी-तिघींनी बसून भरून टाकला. कोणी विचारलं नाही. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंपुढे आम्ही "भांडी" लिहिलं. भांडी दिली. महिन्याने त्या म्हणाल्या, "ताई, भांडी होती हो माझी, घासून घेतली. मशीनची मोटर जळली ती कोणी विचारली नाही." मोटर काही फार महाग नव्हती. महिनाभर त्यांची शिलाई बंद. माझ्या चौतीस वर्षांत कॅश एकदाच कमी भरली होती, त्यापेक्षा मला याची लाज वाटली. २०२४च्या वहीत तो रकाना मी कोरा ठेवला आणि दारोदार जाऊन त्यांच्या शब्दांत लिहून घेतला. "गॅसची शेगडी नको, रेग्युलेटर हवा." "सासूबाईंची साखरेची औषधं." "मुलीचे पॅड." "कोणीतरी येऊन फ्रिज बाहेर काढा, मला एकटीला हलत नाही." एका आजोबांनी लिहायला लावलं, "वर्तमानपत्र." म्हटलं, कोणतं? म्हणाले, कालचं असलं तरी चालेल.

तेव्हा तुम्ही चौघे जण वही घेऊन त्या वस्तीत परत जा. टेम्पो न घेता. पत्रे उडालेत म्हणजे पहिली गरज ताडपत्री आणि दोरी, मग पत्रे, हूक-बोल्ट, सुतार. आणि हे सगळं शक्यतो त्यांच्याच नाक्यावरच्या दुकानातून घ्या, बडोद्याहून स्वस्तात भरून नेऊ नका. त्या दुकानदाराचंही छप्पर गेलं असेल, आणि वस्तीची उधारी त्याच्याच वहीत आहे. तो बुडाला तर पुढचे सहा महिने त्यांना मीठही रोखीने.

पहिल्या आठवड्यात हातांचं काम आहे: राडा उचला, फोन चार्ज करून द्या, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्या. दुसऱ्यात कागदांचं. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक यांची नक्कल काढायला आणि पंचनाम्याच्या मागे लागायला तुमच्यासारखी शिकलेली मुलं हवीत. २०२२ ते २०२६साठीच्या सरकारी निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार ठरवले होते. ते मिळायला पंचनाम्यात नाव असावं लागतं. ज्याचं नाव सुटलं त्याला तुमच्या टेम्पोभर कपड्यांनी काय होणार? आणि तिसऱ्या महिन्यात, कॅमेरे गेल्यावर, एकदा नुसते चहाला जा.

कॅमेऱ्यावरून आठवलं. आमच्याकडे एका गटाला प्रत्येक पाकीट देताना फोटो हवा होता, घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा. मी म्हटलं, पावती मी सही करून देते, चेहरा मिळणार नाही. ते पाकिटं घेऊन परत गेले. माझ्यावर दोन दिवस सोसायटी रुसली होती. अजूनही मला माझं चुकलं असं वाटत नाही, पण पाकिटं चाळीस होती हेही खरं.

फोटोंचं एक वेगळं कामही तुम्हाला जमेल. अमेरिकेत मिझुरी राज्यात जॉप्लिन नावाचं गाव आहे. २२ मे २०११च्या टोर्नेडोत तिथे एकशे साठच्या आसपास माणसं गेली, रुग्णालय आणि मोठी शाळा मोडली. घरोघरचे अल्बम वाऱ्यावर गेले आणि फोटो कोसाकोसांवर शेतांत सापडायला लागले. शेजारच्या कार्थेज गावातल्या एका चर्चच्या लोकांनी ते गोळा केले, धुतले, वाळवले आणि ओळख पटवून ज्याचे त्याला परत दिले. आमच्याकडे नंतर तळमजल्यावरच्या बेनचा लग्नाचा अल्बम असाच निघाला. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, रंग निघतो. स्वच्छ गार पाण्यात ठेवले की आपोआप सुटतात, मग सावलीत, उन्हात नाही, जुन्या चादरीवर पसरायचे. आम्ही गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत पसरले होते. त्या दिवशी बेन पहिल्यांदा हसल्या, नवऱ्याच्या मिश्या बघून.

जॉप्लिनचीच आणखी एक गोष्ट. गावाने ठरवलं की शाळा ठरल्या तारखेलाच उघडायची. १७ ऑगस्टला उघडली, मोठ्या मुलांचे वर्ग एका मॉलमध्ये भरवून. मुलं शाळेत गेली की आईबापांना दिवसाचे सहा तास घर उभारायला मिळतात. तुमच्या वस्तीतली बालवाडी उघडी आहे का, तेवढं बघा. नसेल तर मंडळाचा मांडव रिकामाच पडलाय ना?

राहिला टेम्पो. कपडे निवडा. सख्ख्या बहिणीला देऊ शकाल असे, धुतलेले, इस्त्रीचे, ते वेगळे ठेवा. उरलेले जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायकांना द्या आणि बादल्या घ्या. घासाघीस करायला तुमच्यातल्या कोणाच्या तरी आईला न्या. बादली कोणीही नको म्हणत नाही.

प्रश्न : आज्जी, मी चौथीत आहे. जोरात वारा आला की मला पोटात दुखतं. आई म्हणते घाबरू नको. पण घाबरायला होतं.
– समा, बडोदे

उत्तर : मलाही होतं. माझं पोट नाही, गुडघे. तू असं कर, घरातली एक जबाबदारी घे. बॅटरी कुठे आहे, ती पेटते का आणि सगळ्यांच्या चपला दारापाशी आहेत का, हे तू बघायचं. वारा सुटला की आधी ते काम, मग खिडकीपासून लांब बसायचं. आणि आईला सांग, "घाबरू नको" म्हणण्याऐवजी तिने तुला काम सांगावं.

प्रश्न : माझं मांडवीजवळ छोटं दुकान आहे, वर घर. वादळात पाटी आणि पत्रे गेले, पावसाने माल भिजला. विम्याचा माणूस यायच्या आत मी दुकान धुऊन घेतलं. आता ते म्हणतात पुरावा नाही. पुढच्या वेळी काय करावं?
– एक दुकानदार, बडोदे

उत्तर : धुण्याआधी फोटो. प्रत्येक कोपऱ्याचा, पाण्याची रेघ दिसेल असा, आणि एक लांब चित्रफीत, न थांबता, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. भिजलेल्या मालाचा नमुना एका पिशवीत ठेवा, बाकी फेका. कंपनीला कळवल्याची वेळ लिहून ठेवा. आताही हातपाय गाळू नका. घाऊक व्यापाऱ्याकडची बिलं, जीएसटीचे कागद आणि शेजाऱ्यांचे फोटो यांवरून माल होता हे दाखवता येतं, आणि लेखी तक्रार करा, तोंडी नको.

घराचा विमा वेगळा काढा. १ एप्रिल २०२१पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळ, चक्रीवादळ, पूर आणि हो, टोर्नेडोही आहे. घराचा विमा घेतला की आतल्या सामानाला रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. दागिने त्यात धरू नका. दुकानासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर चावी फिरवू नका, इंजिनात पाणी खेचलं जातं आणि मग विमेवाला हात वर करतो. आमच्या ह्यांनी २०१९ला फिरवली होती.

प्रश्न : माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या खोलीचा पत्रा वादळात गेला. मी लगेच पाच हजार दिले, नंतर धान्य दिलं. आता तीन महिने झाले, अजून ताडपत्रीच आहे. घरातले म्हणतात, किती दिवस करत राहणार? मलाही कळेनासं झालंय.
– एक गृहिणी, मांजलपूर

उत्तर : पत्रा पक्का होईपर्यंत. ते जूनच्या आत व्हायला हवं. तारीख ठरवली की तुम्हालाही ओझं वाटणार नाही आणि त्यांनाही रोज उपकार वाटणार नाहीत.

पत्रा कसा बसवतात ते मात्र स्वतः बघा. आपल्याकडे सगळीकडे पत्र्यावर दगड, विटा, टायर ठेवतात. साध्या वाऱ्यात ते पुरतं, मोठ्या वाऱ्यात पत्रा उचलला की तेच दगड खाली लेकरांच्या अंगावर येतात. वारा पत्रा वरून दाबत नाही, खालून उचलतो. म्हणून आडव्या पाइपाला धरणारे जे-आकाराचे हूक-बोल्ट हवेत, खाली रबरी वॉशर, आणि कडेच्या ओळीत मधल्यापेक्षा जवळजवळ, कारण कड आधी सुटते. पाइप भिंतीत नीट बांधलेला आहे की नुसता टेकवलेला, हेही बघा. सगळं घट्ट आणि पाइप मोकळा असेल तर वारा पाइपासकट नेतो. भिंतीबाहेर पत्रा वीतभराहून जास्त काढू देऊ नका. सावली पडते, पण वाऱ्याला मूठ मिळते.

तुमच्या पाच हजारांचं काय झालं हे विचारू नका. ते बहुधा औषधाला किंवा सावकाराला गेले असतील, आणि ते त्यांच्यासाठी पत्र्याच्या आधी होतं. आता रोख न देता सुतार आणि सामान ठरवा, पण ठरवताना त्यांना बरोबर न्या. मागच्या वर्षी आमच्याकडच्या बाईंचा पत्रा मी हौसेने एकटीच सुताराला घेऊन बसवून आले. पावसाचं पाणी नीट जावं म्हणून उतार डाव्या बाजूला दिला. डाव्या बाजूला त्यांच्या जावेचं दार होतं. पहिल्याच पावसात सगळी धार तिच्या उंबऱ्यावर, आणि दोघींमध्ये आधीच बोलणं नव्हतं. दोनशे रुपयांची पन्हळ लावून ते निस्तरलं, पण ती लावायला मला दोघींकडे वेगवेगळा चहा प्यावा लागला.